कॉर्निया रोपण: आधी विचारा, थर कोणता बिघडलाय?

नेत्रदानात मिळालेला डोळा अख्खाच्या अख्खा कुणाला बसवत नाहीत. बसवताच येत नाही. डोळ्यामागची नस एकदा तुटली की ती पुन्हा मेंदूशी जोडून दृष्टी देणं अजून कुणाला जमलेलं नाही. बसवतात तो फक्त कॉर्निया, म्हणजे डोळ्याच्या काळ्या भागावरचा पारदर्शक भाग. मधोमध त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर आणि रुंदी साधारण साडेअकरा मिलिमीटर. आणि आता बऱ्याच रुग्णांना तोही पूर्ण बसवत नाहीत, त्यातला बिघडलेला थर तेवढा बदलतात. गेल्या पंचवीसेक वर्षांत या शस्त्रक्रियेत जे काही पालटलं ते सगळं या एका गोष्टीभोवती पालटलं. रुग्णाच्या घरच्यांपर्यंत मात्र ती क्वचितच पोचते. परभणीत किंवा लातूरला तपासणी होते, ‘कॉर्निया बदलावा लागेल’ एवढं कानावर पडतं आणि लगेच बोलणं सुरू होतं ते पुण्याला जायचं की हैदराबादला, आणि पैसे किती लागतील यावर. त्याच्या आधी डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा: बिघडलंय ते नेमकं कोणत्या थरात?

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. त्याला प्राणवायू समोरच्या हवेतून मिळतो आणि पोषण डोळ्याच्या आतल्या पाण्यातून. रक्त नाही म्हणून तो पारदर्शक राहतो, आणि रक्त नाही म्हणूनच दुसऱ्या माणसाचा कॉर्निया शरीर बऱ्यापैकी खपवून घेतं. मूत्रपिंडासाठी रक्तगट जुळवावा लागतो, तसा तो इथे सहसा जुळवत नाहीत. ७ डिसेंबर १९०५ रोजी, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमोउत्स गावी, एडुआर्ड झिर्म या डॉक्टरांनी चुन्याने दोन्ही डोळे भाजलेल्या एका मजुराला कॉर्निया बसवला. इजा झाल्यामुळे एका मुलाचा डोळा काढावा लागला होता, त्याचा कॉर्निया वापरला. त्या काळी ना प्रतिजैविकं होती ना स्टेरॉइड. तरी मजुराचा एक डोळा स्वच्छ राहिला आणि तो कामावर परतला. माणसातलं पहिलं यशस्वी कॉर्निया रोपण ते हेच.

आता थरांकडे येऊ. सगळ्यात वरच्या पेशींचा थर खरचटला तर दोन-चार दिवसांत भरून येतो, मागे खूणही राहत नाही. त्याखाली बोमनचा पातळ थर. मग येतो स्ट्रोमा, आणि जाडीचा नव्वद टक्के भाग हाच. यातले कोलॅजनचे तंतू इतक्या शिस्तीत रचलेले असतात की प्रकाश सरळ आरपार जातो. जखम इथवर पोचली की भरून येताना ती शिस्त मोडते आणि पांढरा डाग राहतो. ‘डोळ्यात फूल पडलं’ असं आपल्याकडे म्हणतात ते हेच. स्ट्रोमाच्या मागे डेसेमेटचा पापुद्रा, आणि त्याच्या आतल्या बाजूला चिकटलेला एंडोथेलियम, जो फक्त एका पेशीएवढा जाड असतो. (नॉटिंगहॅमच्या हरमिंदर दुआ यांनी २०१३मध्ये आणखी एका थराचं वर्णन केलं. त्याला वेगळा थर म्हणायचं की नाही यावर डॉक्टरांत मतभेद आहेत, आपल्याला इथे त्यात शिरायची गरज नाही.)

या सगळ्यांत एंडोथेलियम सर्वांत नाजूक आणि सर्वांत महत्त्वाचा. डोळ्याच्या आतलं पाणी सतत कॉर्नियात झिरपत असतं आणि एंडोथेलियम ते रात्रंदिवस उपसून परत आत टाकत असतो. निरोगी प्रौढ माणसात दर चौरस मिलिमीटरला अडीच ते तीन हजार पेशी हे काम करतात. अडचण अशी की माणसाच्या डोळ्यात या पेशी मेल्या की त्यांच्या जागी नव्या तयार होत नाहीत, शेजारच्या पेशी पसरून जागा भरून काढतात. वय वाढतं तशी संख्या हळूहळू घटतेच. पण ती पाचशेच्या आसपास उतरली की उपसा कमी पडायला लागतो, कॉर्नियात पाणी साचतं, तो फुगतो आणि धूसर होतो. अशा रुग्णाची तक्रार ऐकण्यासारखी असते: सकाळी उठल्यावर काहीच धड दिसत नाही, दुपार होईतो निवळतं. रात्रभर पापण्या मिटलेल्या असल्याने पाणी हवेत उडून जात नाही, दिवसा थोडं उडतं, एवढंच त्यामागचं कारण. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही जणांच्या या पेशी कमी होतात. काहींना फुक्स नावाचा, बहुधा घराण्यातून येणारा आजार असतो. अशा डोळ्यात पुढचा सगळा कॉर्निया मुळात ठणठणीत असतो, बंद पडलेला असतो तो मागचा उपसा.

शेतातून दवाखान्यापर्यंत

मराठवाड्यात कॉर्निया जाण्याची एक नेहमीची वाट शेतातून जाते. ज्वारीचं कुसळ, उसाचं पाचट, पऱ्हाटी उपटताना लागलेली काडी, मळणी यंत्रातून उडालेलं सोयाबीनचं भुसकट. लागतं किरकोळच, पण त्या काडीबरोबर बुरशी आत शिरते. फ्युजेरियम आणि ॲस्परजिलस या जातींच्या बुरश्या माती-पिकात असतातच. पहिले दोन दिवस नुसतं खुपतं. कुणी मध घालतं, कुणी एरंडेल, कुणी गावातल्या जाणत्या बाईकडून जिभेने कुसळ काढून घेतं. मग मेडिकलवरून थेंब आणले जातात, आणि त्यात स्टेरॉइड असलं तर खरा घात तिथे होतो. लाली ओसरते, ठणका कमी होतो, माणूस परत कामाला लागतो आणि आत बुरशीला रान मोकळं मिळतं. बीडहून टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेल्या माणसाला एक खाडाही परवडत नाही, त्यामुळे तो डॉक्टरपुढे येईपर्यंत बुबुळावर पांढरी जखम पिकलेली असते. बुरशीवर नॅटामायसिनसारखी औषधं आहेत, पण ती सुरुवातीला तासातासाला घालावी लागतात, आठवडेच्या आठवडे चालतात, आणि जखम खोल गेली की पुरी पडत नाहीत.

कॉर्निया विरघळून भोक पडायच्या बेतात असेल, तर डॉक्टर नजरेचा विचार बाजूला ठेवून आधी डोळा वाचवायला रोपण करतात. सडलेला भाग पूर्ण काढून तिथे नवा कॉर्निया शिवतात. जंतुसंसर्ग आवरायला केलेलं हे रोपण पुढे धूसर होऊ शकतं, आणि मग डोळा शांत झाल्यावर नजरेसाठी दुसरं रोपण करावं लागतं. ‘ऑपरेशन केलं तरी दिसत नाही’ या तक्रारीमागे कित्येकदा हे न सांगितलेलं असतं.

पूर्ण जाडीचं रोपण

डाग सगळ्या थरांतून आरपार गेला असेल तर जुनी पद्धतच लागते. तिचं नाव पेनिट्रेटिंग केराटोप्लास्टी, दवाखान्यात सगळे ‘पीके’ म्हणतात. ट्रेफाइन नावाच्या गोल पात्याने रुग्णाच्या कॉर्नियाची साधारण साडेसात-आठ मिलिमीटरची चकती आरपार कापून काढतात. दात्याच्या कॉर्नियाची चकती त्याहून किंचित मोठी, बहुधा पाव ते अर्धा मिलिमीटरने जास्त घेतात आणि ती तिथे शिवतात. दोरा नायलॉनचा, केसाहून बारीक. बहुतेक ठिकाणी सुटे सोळा टाके घालतात, काही सर्जन एकच सलग धागा नागमोडी फिरवतात. सगळं काम मायक्रोस्कोपखाली चालतं आणि तास-दीड तास सहज जातो.

या शस्त्रक्रियेत काही मिनिटं अशी असतात की जुनी चकती निघालेली आहे, नवी अजून बसलेली नाही आणि डोळा समोरून उघडा आहे. त्याच वेळी रुग्णाला खोकला आला, किंवा रक्तदाब चढला, तर आत रक्तस्राव होऊन डोळ्यातलं सगळं बाहेर येण्याचा धोका असतो. असं क्वचितच घडतं, पण घडलं तर डोळा जातो. शस्त्रक्रियेआधी खोकला, बद्धकोष्ठता, बीपी यांबद्दल खोदून विचारतात ते याचसाठी. तिथे खरं सांगावं, ‘थोडासाच खोकला आहे’ म्हणून दडवू नये.

नजर यायला वेळ लागतो, आणि इथे फार गैरसमज होतात. पट्टी उघडली की लख्ख दिसेल ही कल्पना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेवरून आलेली आहे. पीकेमध्ये टाके चकतीला कमी-जास्त ओढतात, त्यामुळे तिचा आकार वेडावाकडा होतो आणि तिरक्या नंबरमुळे फाटल्यासारखं दिसतं. डॉक्टर महिन्यांच्या अंतराने एकेक टाका काढत तो आकार सुधारत नेतात. चष्म्याचा नंबर स्थिरावायला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि काहींना त्यानंतरही कडक कॉन्टॅक्ट लेन्सशिवाय नीट दिसत नाही. शिवाय जिथे शिवलं तिथली मजबुती जन्मभर पूर्वीसारखी होत नाही. बैलाचं शिंग, कडेवरच्या लेकराचं कोपर, अंगणात खेळताना आलेला चेंडू, अशा मुक्या माराने दहा वर्षांनीही ती जागा उकलू शकते. शेतकऱ्याला हे शस्त्रक्रियेच्या आधी सांगायला हवं, नंतर नव्हे.

मागचा थर शाबूत असेल तर

पंधरा ते पंचवीस वयाच्या पोरांत केराटोकोनस नावाचा आजार दिसतो. कॉर्निया मधोमध पातळ होतो आणि पुढे टोकदार येतो. डोळे सतत चोळण्याची सवय त्याला खतपाणी घालते, आणि धुळीने डोळे खाजणं आपल्याकडे नवीन नाही. लवकर लक्षात आलं तर रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण वापरून कॉर्निया कडक करतात. या उपचाराला सीथ्रीआर म्हणतात, आणि त्याने आजार बहुतेकदा थांबतो. वेळ टळून गेली असेल तर रोपण करावं लागतं, पण इथे एंडोथेलियम तरुण आणि धडधाकट असतो. तो काढून कशाला टाकायचा?

म्हणून डाल्क, म्हणजे मागचा थर तसाच ठेवून पुढचा भाग तेवढा बदलायची शस्त्रक्रिया. मोहम्मद अन्वर आणि क्लाउस टाइखमन यांनी २००२मध्ये मांडलेली यातली एक युक्ती आता जगभर वापरतात. स्ट्रोमात खोलवर बारीक सुई घालून हवा सोडायची. हवेचा मोठा बुडबुडा डेसेमेटचा पापुद्रा मागे ढकलतो, तो स्ट्रोमापासून सुटा होतो, मग वरचा सगळा रोगट भाग काढून दात्याचा पुढचा भाग तिथे शिवायचा. टाके आणि तिरका नंबर यातही आहेतच. पण रुग्णाचा स्वतःचा एंडोथेलियम जागेवर राहतो, त्यामुळे शरीराने नवा एंडोथेलियम नाकारण्याचा धोकाच उरत नाही, आणि डोळा कधी पूर्ण उघडा पडत नाही. सर्जनच्या हातून तो पापुद्रा फाटला तर मात्र टेबलावरच पीके करावी लागते. संमतीपत्रावर दोन्ही शस्त्रक्रियांची नावं दिसली तर घाबरू नका, कारण हेच असतं.

फक्त मागचा थर बिघडला असेल तर

सगळ्यात मोठी झेप इथे आहे. नेदरलँड्सच्या गेरिट मेलेस यांनी १९९८च्या सुमारास दाखवून दिलं की कॉर्निया समोरून न कापता, बाजूच्या छेदातून आत जाऊन, फक्त मागचा थर बदलता येतो आणि त्याला टाक्यांऐवजी हवेच्या बुडबुड्याने चिकटवता येतं. त्यातून आधी डीसेक आली. यात दात्याच्या एंडोथेलियमसोबत स्ट्रोमाची पातळ चकती घेतात, एकूण शंभर-दीडशे मायक्रॉनच्या आसपास (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). २००६मध्ये मेलेस यांनीच डीमेक मांडली, जिच्यात स्ट्रोमा अजिबात नाही, नुसता डेसेमेटचा पापुद्रा आणि त्यावरच्या पेशी. जाडी दहा-पंधरा मायक्रॉन. चेन्नईच्या अमर अगरवाल यांनी दुआंसोबत या दोहोंच्या मधली पीडेक नावाची पद्धत काढली. तिच्यात लहान वयाच्या दात्याची ऊतीही वापरता येते.

डीमेकचा पापुद्रा हाताळणं म्हणजे कसब. कांद्याच्या दोन पाकळ्यांमधला पातळ पापुद्रा सोलून पाण्यात टाकावा तसा तो सुटल्याबरोबर गुंडाळतो, आणि पेशी बाहेरच्या बाजूला येतात. दिसावा म्हणून त्याला निळा रंग देतात, तीनेक मिलिमीटरच्या छेदातून काचेच्या नळीने आत सोडतात, आणि मग वरून कॉर्नियावर हलक्या टिचक्या मारत, आतलं पाणी हलवत तो उलगडतात. चिमट्याने धरायचा नाही, धरला की पेशी मरतात. उलटा चिकटला तर सगळं फुकट. उलगडला की खालून हवा किंवा सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू भरून तो कॉर्नियाला टेकवतात.

त्यानंतर रुग्णाचं काम सुरू होतं: उताणं झोपून छताकडे बघत राहायचं. पहिले काही तास सलग, पुढचे एक-दोन दिवस जेवण आणि शौच सोडता जास्तीत जास्त वेळ. बुडबुडा वर सरकतो, म्हणून तोंड वर असेल तरच तो पापुद्रा दाबून धरेल. ज्यांची कंबर धरते, ज्यांना दम्यामुळे उताणं झोपता येत नाही, त्यांनी हे आधीच सांगावं. पापुद्र्याची कड सुटली तर पुन्हा हवा भरतात, ते नेहमीचं आहे, शस्त्रक्रिया फसली असा अर्थ काढू नये. सगळं जमलं तर काही आठवड्यांतच चांगलं दिसू लागतं, नंबर फारसा बदलत नाही आणि शरीराने पापुद्रा नाकारण्याचं प्रमाण पीकेपेक्षा खूपच कमी असतं. जनावरांत आणि शेतात वावरणाऱ्यासाठी माझ्या मते याहून मोठा फायदा म्हणजे डोळ्याची मजबुती जवळपास तशीच राहते.

पण नवं तेच घ्यावं असं नाही. कॉर्निया फार दिवस फुगून त्यात डाग पडले असतील तर आतला पापुद्रा बदलून उपयोग नाही. आधी काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा आतून विस्कटलेल्या डोळ्यात अनुभवी सर्जनही डीसेक पसंत करतात. आणि डोळ्यामागची नस किंवा रेटिना खराब असेल तर कोणतंही रोपण नजर देणार नाही. टॉर्चचा उजेड कुठल्या बाजूने येतो हे विचारतात ती साधी तपासणी याच गोष्टीची असते.

चुना, ॲसिड किंवा फटाक्याने भाजलेल्या डोळ्याचं गणित वेगळं. तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबताना लेकराच्या डोळ्यात उडते, तेव्हा कॉर्नियाच्या कडेला असलेल्या मूळ पेशी जळतात. त्या नसतील तर वरचा थर परत येतच नाही आणि बसवलेला कॉर्निया टिकत नाही. म्हणून आधी दुसऱ्या, चांगल्या डोळ्यातून तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा घेऊन मूळ पेशी लावतात. याची ‘स्लेट’ ही सोपी पद्धत हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत वीरेंद्र सांगवान यांच्या चमूने विकसित केली आणि २०१२मध्ये जगापुढे ठेवली. चुना गेल्या क्षणी मात्र डॉक्टरकडे पळायच्या आधी स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास डोळा धुवायचा. कृत्रिम कॉर्नियाही आहेत, पण ते शेवटचा उपाय म्हणून.

टिकतं किती

हैदराबादच्या याच एल. व्ही. प्रसाद संस्थेने १९९७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच वर्षांनी केराटोकोनसच्या रुग्णांतली सुमारे ९५ टक्के रोपणं स्वच्छ होती, सगळे आजार एकत्र धरले तर मात्र निम्म्याहून कमी. तो काळ पूर्ण जाडीच्या रोपणाचा होता आणि त्यानंतर पुष्कळ सुधारणा झाल्या. तरी फरक कुठे पडतो ते या दोन आकड्यांत दिसतं: शांत डोळ्यात रोपण टिकतं, जंतुसंसर्गाने किंवा रक्तवाहिन्या शिरल्याने पेटलेल्या डोळ्यात टिकवणं अवघड.

शरीराने रोपण नाकारण्याची वेळ पहिल्या महिन्यात येऊ शकते तशी पाच वर्षांनीही. डोळा लाल होणं, उजेड सहन न होणं, दुखणं, नजर कमी होणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी दाखवायचं. लगेच तासातासाला स्टेरॉइडचे थेंब सुरू केले तर बरेच डोळे परत शुद्धीवर येतात. आठवडा गेला तर क्वचित. (मघाशी ज्या थेंबांना शिव्या घातल्या तेच इथे तारतात. फरक आहे तो ते कुणी आणि कशासाठी दिले याचा.) टाका सैल होऊन टोचत असेल तरी तेच, कारण सैल टाक्यातून जंतू आत जातात. हिंगोलीहून हैदराबादला महिन्या-महिन्याला जाणं सोपं नाही. म्हणून शस्त्रक्रिया कुठेही करा, पण मधल्या तपासण्या घराजवळ कोण करेल, टाका कोण काढेल हे आधी ठरवून घ्या. जालन्याचं गणपती नेत्रालय, छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर, नांदेडची शासकीय महाविद्यालयं, जिथे जाणार तिथे कॉर्नियाचे डॉक्टर कोणत्या दिवशी भेटतात हे फोनवर विचारून जावं.

आणि कॉर्निया येतो कुठून? मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत घेतलेल्या डोळ्यांतून. पुष्कळदा अख्खा डोळाही काढत नाहीत, कॉर्निया आणि त्याभोवतीची पांढरी कड तेवढी घेतात, चेहरा जसाच्या तसा दिसतो. नेत्रपेढीत पेशी मोजतात, रक्ताची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी यांसाठी तपासणी होते, आणि पोषक द्रवात चार अंश तापमानाला कॉर्निया काही दिवस, द्रव कोणता त्यानुसार दोन आठवड्यांपर्यंत, ठेवता येतो. ‘म्हाताऱ्याचे डोळे काय कामाचे’ असं म्हणून पुष्कळ घरं माघार घेतात. खरं तर डीमेकसाठी सर्जन पन्नाशीच्या पुढचे दातेच पसंत करतात, कारण तरुणाचा पापुद्रा फार घट्ट गुंडाळतो आणि सोलताना फाटतो. चष्मा होता, मधुमेह होता, मोतीबिंदू काढलेला होता, तरी चालतं. एकाच कॉर्नियाचा पुढचा भाग डाल्कसाठी एकाला आणि मागचा पापुद्रा डीमेकसाठी दुसऱ्याला, असंही करता येतं.

घरात मृत्यू झाला तर नेत्रपेढीला फोन करायचा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि वरचा पंखा बंद करायचा. मृत व्यक्तीने फॉर्म भरलेला नसला तरी जवळच्या वारसाची संमती पुरते. अपघाती मृत्यू असेल तर पोलिसांची परवानगी लागते, ती शवविच्छेदनाच्या आधीच मागून ठेवावी.